संसारांतील यंत्रें : दाराची अडलेली कांच

यंत्र बिघडलें म्हणजे गृहस्थाच्या मनांत बहुधा दोनच विचार येतात. एक, तें टाकून नवें आणावें. दुसरा, तें कोणा कारागिराच्या हवालीं करून आपण मोकळें व्हावें. या दोहोंच्या मध्यें तिसरा मार्ग आहे, आणि तो म्हणजे बिघाड कोठें आहे हें आधीं शोधून काढणें. दुरुस्ती प्रत्येकानें स्वतःच्या हातानें करावी असा आमचा आग्रह नाहीं. परंतु काय बिघडलें आहे हें न कळतां पैसे मोजणें म्हणजे रोग न ओळखतां औषध घेण्यासारखेंच होय. या महिन्यांत घेतलेला विषय वाचकांस प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. जुन्या गाडीच्या दारांतील विजेवर वरखालीं होणारी कांच आणि तिला हलविणारें लहानसें यंत्र, हा तो विषय. परंतु ज्या घरांत अशी गाडी आहे व तींतून वृद्ध माणसें आणि लहान मुलें जातात, त्या घरास तो क्षुल्लक नाहीं हें पुढें दिसून येईल.

आरंभींच शब्दांचा एक घोळ दूर करूं. आपल्या भाषेंत आपण संपूर्ण वाहनालाच ‘मोटार’ म्हणत आलों. त्यामुळें मोटारीच्या आंत आणखी पांच-सात मोटारी आहेत असें कोणी सांगितलें तर ऐकणारा चकित होतो. म्हणून या लेखांत वाहनास ‘गाडी’ म्हणूं, आणि विजेनें फिरणार्‍या यंत्रास ‘मोटर’ म्हणूं.

कांच विजेनें हलविण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या सुमारास आपल्या उंची गाड्यांना अशी सोय केली. मात्र त्या वेळीं दारांतील कांच तेलाच्या दाबानें उचलली जाई आणि तो दाब विजेच्या साहाय्यानें उत्पन्न केला जाई. पुढें १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियल गाडींत तेल वगळून शुद्ध विजेवर चालणारी रचना आली आणि तीच सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडे मात्र हाताच्या दांडीनें कांच फिरविण्याचा प्रघात दीर्घकाळ टिकला. अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत बसलेल्या प्रत्येकास ती दांडी आठवत असेल. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सनें १९८४ ते २००२ या काळांत काँटेसा नांवाची गाडी काढली. तिच्या नंतरच्या आवृत्त्यांत विजेच्या कांचा आल्या. १९९० नंतरच्या दशकांत तर मध्यम वर्गाच्या गाड्यांतहि ही सोय येऊं लागली. त्या दशकांतील ज्या गाड्या अद्याप घरोघरीं जपून ठेविल्या आहेत, त्यांच्या दारांतील या मोटरी आतां पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि म्हणून हा प्रश्न आतांच उद्भवत आहे.

अशी एक गाडी आमच्या घरीं आहे. आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंनीं ती १९९८ सालीं घेतली. क्रमांक अर्थातच वर्धा जिल्ह्याचा, ‘एमएच ३२’ या अक्षरांनीं सुरू होणारा. घरांतील नवी गाडी पुतण्या आपल्या नोकरीच्या गांवीं नेतो. त्यामुळें वहिनींना महिन्यांतून एकदां सेवाग्रामच्या रुग्णालयांत न्यावयाचें तर हीच जुनी गाडी काढावी लागते. गुडघे वाकत नाहींत म्हणून त्या पुढच्या डाव्या आसनावर बसतात. गाडींतील थंड हवेचें यंत्र कधींच निकामी झालें आहे. अशा स्थितींत गेल्या वैशाखांत नेमकी त्याच दाराची कांच बंद होऊन अडली. आमच्या जिल्ह्यांतील वैशाख ज्यांनीं पाहिला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि बंद गाडी म्हणजे भट्टी होते.

पुतण्या रविवारीं घरीं आला असतां म्हणाला, “काका, आज कांच अडली, उद्यां दुसरें कांहीं अडेल. भंगारांत दिली तर चार पैसे तरी येतील.” त्याचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते आणि पुढें दर पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. त्याची सरकारी फी एप्रिल २०२२ पासून पांच हजार रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील हलक्या गाड्यांकरितां ती दहा हजार ठरली. जुन्या गाडीस ‘विंटेज’ म्हणून कांहीं सवलत मिळेल म्हणावें, तर २०२१ च्या नियमांप्रमाणें त्यासाठीं गाडीचें वय पन्नास वर्षांहून अधिक लागतें. म्हणजे आमची गाडी तरुणांत म्हातारी आणि म्हातार्‍यांत तरुण! वहिनी या सर्व चर्चेंत कांहीं बोलल्या नाहींत. मात्र त्यांनीं रुग्णालयाची तारीख दोन वेळां पुढें ढकलली. “उन्हें कमी झालीं कीं जाऊं,” एवढेंच त्या म्हणत. रक्तदाबाचीं औषधें बदलून घ्यावयाचीं होतीं, तीं राहिलीं. घरांतील वडील माणसें आपली अडचण कधीं शब्दांनीं सांगत नाहींत, ती तारखांनीं सांगतात. तेव्हां विकावयाची कीं ठेवावयाची हा प्रश्न बाजूस ठेवून आधीं कांच पाहावयाची असें आम्हीं ठरविलें.

आतां यंत्राची रचना पाहूं, कारण रचना कळल्यावांचून निदान होत नाहीं. दाराच्या पत्र्याच्या दोन पडद्यांमध्यें जी पोकळी असते, तींत ही मोटर बसविलेली असते. तिच्या आंत दोन कायम चुंबकें असतात आणि त्यांच्यामध्यें तांब्याच्या तारेचे वेढे असलेलें आर्मेचर फिरतें. फिरत्या वस्तूस वीज पोहोंचवावयाची कशी? तर आर्मेचरच्या एका टोकास तांब्याच्या पट्ट्यांचें कडें असतें, त्यास कॉम्युटेटर म्हणतात. आणि त्या कड्यावर स्प्रिंगच्या जोरानें टेकलेले कार्बनचे दोन तुकडे असतात, त्यांस ब्रश म्हणतात. बॅटरी बारा व्होल्टची. कळ एका बाजूस दाबली म्हणजे वीज एका दिशेनें वाहते व कांच चढते. उलट दाबली म्हणजे विजेची दिशा उलटते व कांच उतरते. आर्मेचरच्या दांड्यावर मळसूत्र कोरलेलें असतें व तें एका दांतेरी चाकांत गुंतलेलें असतें. चाकास साठ दांते असतील तर मळसूत्राच्या साठ फेर्‍यांस चाकाची एक फेरी होते. अशा रीतीनें वेग घटतो आणि जोर वाढतो, व मुठीएवढी मोटर एवढी जड कांच उचलते. या रचनेचा आणखी एक गुण असा कीं मळसूत्र चाकास फिरवूं शकतें, पण चाक मळसूत्रास फिरवूं शकत नाहीं. म्हणून कांच बाहेरून हातानें दाबून खालीं करतां येत नाहीं. परंतु याच गुणामुळें मोटर बंद पडली म्हणजे उघडी कांच हातानें वर ओढतां येत नाहीं, आणि बंद कांच खालीं करतां येत नाहीं. चाकापासून कांचेपर्यंतचें काम एक तर कात्रीसारख्या लोखंडी बाहूंनीं होतें, नाहीं तर कप्पीवरून जाणार्‍या पोलादी तारेनें होतें. या सर्व सांगाड्यास आमच्याकडील मिस्त्री ‘कांचेचें मशीन’ म्हणतात.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें. विजेचें शास्त्र आमचें नव्हे. परंतु आपल्या न्यायशास्त्रांत कारण ओळखण्याची जी रीत सांगितली आहे, ती दाराच्या कांचेसहि लागू पडते. जें असतां कार्य घडतें तो अन्वय, आणि जें नसतां कार्य घडत नाहीं तो व्यतिरेक. हीं दोन्ही पाहिल्यावांचून कारणाचा निश्चय करूं नये. पुतण्याचा मुलगा अकरावींत आहे. त्यास आम्हीं सांगितलें कीं पेचकस नंतर हातांत घे, आधीं चार प्रश्न विचार.

पहिला प्रश्न : बाकीच्या तीन कांचा चालतात काय? चालत होत्या. म्हणजे बॅटरी व मुख्य फ्यूज निर्दोष. मात्र कांहीं गाड्यांत प्रत्येक दारास निराळा फ्यूज असतो, म्हणून तोहि काढून पाहिला. तो शाबूत होता. दुसरा प्रश्न : हीच कांच चालकाच्या बाजूच्या कळीनें चालते काय? तीहि चालत नव्हती. दोन कळी एकाच दिवशीं नादुरुस्त होणें संभवनीय नाहीं. तेव्हां दोष कळींच्या पलीकडे असला पाहिजे. तिसरा प्रश्न : इंजिन बंद ठेवून, गाडींतील लहान दिवा लावून कळ दाबली असतां दिवा मंद होतो काय? होत होता, आणि दारांतून ‘टक्’ असा आवाजहि येत होता. यावरून मोटरीपर्यंत वीज पोहोंचते, तारा तुटलेल्या नाहींत, हें सिद्ध झालें. दिवा मंद झाला नसता तर शोधाची दिशाच बदलली असती, आणि दाराच्या बिजागरीपाशीं हजारों वेळां वाकून तुटणार्‍या तारा प्रथम पाहाव्या लागल्या असत्या.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण येथेंच बहुतेक माणसें फसतात. पांच-सहा वेळां कळ दाबल्यावर दिवा मंद होईनासा झाला, आवाजहि थांबला. मुलगा म्हणाला, “आजोबा, संपली मोटर!” त्यास अर्धा तास थांबावयास सांगितलें. अर्ध्या तासानें कळ दाबतांच पुनः तोच ‘टक्’. याचें कारण असें कीं अशा पुष्कळ मोटरींत उष्णतेनें आपोआप वीज तोडणारी लहानशी योजना असते. कांच अडली असतां मोटर फिरत नाहीं, पण वीज मात्र नेहमीच्या कित्येक पट ओढते, वेढे तापतात, ते जळूं नयेत म्हणून ती योजना वीज तोडते आणि थंड झाल्यावर पुनः जोडते. वैशाखांतील तापलेल्या दारांत ही वेळ लौकर येते. म्हणजे जिला लोक मेली समजतात ती मोटर पुष्कळदां केवळ मूर्च्छित असते. गांवांतील जो कारागीर शेतकर्‍यांच्या पंपांच्या मोटरी गुंडाळून देतो, त्यास आम्हीं बोलाविलें होतें. आमचा पाढा ऐकून तो हंसला आणि म्हणाला, “गुरुजी, मोटर मेली नाई बाप्पा, थकली हाये.”

पण ती थकली कशानें? येथें व्यतिरेक उपयोगी पडला. दाराचें आंतील पॅड काढून कांच मशीनपासून सोडविली आणि मोटर एकटीच चालवून पाहिली. ती फिरली, परंतु सावकाश. नंतर सुटी कांच हातानें तिच्या खांचेंत सरकवून पाहिली. ती दोन्ही हातांच्या जोरानेंहि नीट सरकेना. दोष दोन ठिकाणीं होते. ज्या रबरी खांचेंतून कांच वरखालीं सरकते, तींतील मखमलीसारखें अस्तर झिजून गेलें होतें, रबर उन्हानें कडक झालें होतें, आणि सत्तावीस उन्हाळ्यांची काळ्या मातीची धूळ व तितक्याच पावसाळ्यांचें पाणी मिळून त्यांत सिमेंटासारखा थर बसला होता. त्या ओझ्याखालीं वर्षानुवर्षें राबून मोटरीचे ब्रश झिजले होते, कॉम्युटेटर काळा पडला होता आणि मळसूत्रावरील ग्रीस वाळून मेणासारखें झालें होतें. यांतील मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. नवी मोटर आणून बसविली असती तर कांच त्या दिवशीं चालली असती, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत नवी मोटरहि त्याच खांचेनें थकविली असती. कार्य जेथें दिसतें तेथेंच कारण असतें असें नाहीं.

दुरुस्तीचा क्रम थोडक्यांत सांगतों. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. दाराच्या पत्र्याच्या आंतील कडा सुरीसारख्या असतात, म्हणून जाड हातमोजे घालावे. मोटर सोडविण्यापूर्वीं कांच लांकडी पाचरीनें किंवा रुंद चिकटपट्टीनें चौकटीस पक्की बांधावी. नाहीं तर ती खालीं कोसळते. ज्या मशीनला कात्रीसारखे बाहू आहेत, त्यांत कांचेचें वजन तोलण्यासाठीं घड्याळाच्या कमानीसारखी एक जबर स्प्रिंग असते. बाहू पक्के जखडल्यावांचून मोटर काढली तर ती स्प्रिंग एकदम सुटते आणि बोट तोडूं शकते. एवढें काम तरी जाणत्या कारागिराकडूनच करवावें. कॉम्युटेटर अगदीं बारीक कांचकागदानें हलकेच साफ करावा आणि पट्ट्यांमधील बारीक फटी टोंकदार काडीनें मोकळ्या कराव्या. एमरी कागद वापरूं नये. त्याचे कण फटींत राहून विजेस भलतीच वाट करून देतात. ब्रश त्याच मापाचे न मिळाल्यास थोडे मोठे घेऊन घांसून बसवितां येतात; आमच्या कारागिरानें तसेंच केलें. मळसूत्राचें जुनें ग्रीस पूर्ण काढून नवें भरावें, आणि चाक प्लॅस्टिकचें असेल तर प्लॅस्टिकला चालणारेंच ग्रीस घ्यावें. रबरी खांचेस तेल किंवा ग्रीस कधींहि लावूं नये. त्यानें रबर फुगतें आणि धूळ अधिकच चिकटते. खांच कोमट पाण्यानें धुवून, वाळवून, तीवर सिलिकोनचा फवारा मारावा. अस्तर पार गेलें असेल तर खांचच बदलावी. शेवटीं, पॅडच्या मागें जो प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, तो फाडून फेंकून न देतां पुनः चिकटवावा. तो नसेल तर पहिल्याच पावसांत पाणी पायाशीं येतें.

आमच्याकडे खांच नवी घातली, ब्रश बदलले, ग्रीस भरलें. नव्या मोटरीचा जो भाव सांगण्यांत आला होता त्याच्या चौथ्या हिश्शांतच काम झालें. ज्येष्ठांतील तारीख वहिनींनीं पुढें ढकलली नाहीं.

आतां मुलांविषयीं. जुन्या गाड्यांच्या या कांचांना दयामाया नसते. नव्या पुष्कळ गाड्यांत कांच वर जातांना मध्यें कांहीं आडवें आलें तर ती आपोआप मागें फिरते. जुन्यांत ही सोय नाहीं. मोटर दुरुस्त होऊन जोरानें चालूं लागली म्हणजे हा धोका वाढतो, कमी होत नाहीं. शिवाय जुन्या कळी वरून दाबावयाच्या असतात. खिडकींतून डोकें बाहेर काढून उभ्या राहिलेल्या मुलाचा गुडघा त्या कळीवर सहज पडतो. म्हणून चालकापाशीं मागील कळी बंद करण्याचें बटण असल्यास तें नेहमीं दाबलेलें असावें, आणि गाडी उभी करून उतरतांना, मुलें आंत असोत वा नसोत, किल्ली काढून घ्यावी. मुलांना गाडींत एकटें तर कधींच ठेवूं नये. उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडींतील हवा थोड्याच मिनिटांत प्राणघातक होते.

आमचा हा जिल्हा यंत्राच्या दुरुस्तीविषयीं फार पूर्वीं विचार करून बसलेला आहे. अखिल भारतीय चरखा संघानें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लक्ष रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें होतें. त्याच्या अटींत किती सूत निघावें एवढेंच नव्हतें. यंत्राची किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी, तें वीस वर्षें टिकावें, आणि त्याच्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांहून अधिक नसावा, असेंहि त्यांत होतें. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेंहि त्यासाठीं यंत्र बनविलें. तथापि तें पारितोषिक कोणासहि मिळालें नाहीं. पुढें १९३८ सालीं वर्ध्यास मगन संग्रहालय उघडलें गेलें. तेथें ग्रामोद्योगाचीं साधनें आजहि पाहावयास मिळतात. पारितोषिक मिळालें नाहीं म्हणून त्या अटी चुकीच्या ठरत नाहींत. यंत्र घेतांना ‘तें काय करतें’ याबरोबरच ‘तें बिघडलें तर कोण, कितीला व कोठें नीट करील’ हें विचारावें, हा त्या अटींचा अर्थ आहे. आणि तो मोटारगाडीस, पिठाच्या गिरणीस व घरांतील शिवणयंत्रास सारखाच लागू आहे.

दुरुस्तीसहि मर्यादा आहे, हें सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. दाराचा तळ गंजून पत्रा कुजला असेल, ब्रेक किंवा सांगाडा विश्वासार्ह राहिला नसेल, गाडी मर्यादेबाहेर धूर ओकीत असेल, तर केवळ कोणा प्रिय माणसाची आठवण म्हणून ती रस्त्यावर ठेवणें इतरांवर अन्याय आहे. आमच्या गाडीचें पुढील नूतनीकरण २०२८ मध्यें आहे. त्या वेळीं तपासणी होईल, खर्चाचा हिशेब मांडला जाईल, पुतण्याचें म्हणणें ऐकलें जाईल आणि वहिनींनाहि त्यांचें मत विचारलें जाईल. गाडी विकावी असें ठरल्यास ती विकूं. परंतु तो निर्णय गाडीचा सर्वांगीण विचार करून झालेला असेल. चारशें रुपयांच्या रबरी खांचेनें तो आमच्यावर लादलेला नसेल. वाचकांच्या घरीं असें कांहीं अडलें असेल तर त्यांनींहि आधीं चार प्रश्न विचारावे, आणि ते घरांतील एखाद्या मुलास विचारावयास लावावे. आमच्या अकरावींतील मुलानें आतां शेजारच्या दोन गाड्यांचे प्रश्न विचारून ठेविले आहेत. त्यांपैकीं एकीची केवळ तार तुटलेली निघाली.